ज्यूरीचा निकाल आणि आरोपीचा वर्ण: ज्यूरीवर बसण्याआधी पडलेले प्रश्न

एडिसनकर:

नमस्कार. मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतर आता प्रथमच मला काउंटीच्या न्यायालयाकडून ज्यूरीसाठी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटासाठी, समन्स आले आहे. आपल्या मराठी मंडळींत असे समन्स आल्याचे सांगितले की त्यातून अंग कसे काढून घ्यावे याचेच सल्ले मिळतात. मला मात्र अंग काढून घ्यायचे नाही. ज्या देशाचे नागरिकत्व आपण मागून घेतले, त्याचे हे काम मनापासून करावे असे मला वाटते.

अडचण वेगळीच आहे. आपल्या घरगुती बैठकींत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांविषयी, त्यांच्या मुलांविषयी जे सहजपणे बोलले जाते ते मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, आणि त्याआधी गोऱ्या रंगाचे कौतुक ऐकतच लहानाचा मोठा झालो आहे. समोर कृष्णवर्णीय आरोपी उभा असेल, पुरावा दोन्ही बाजूंनी लागू शकेल असा असेल, तर माझा कौल पुराव्याच्या बळावर ठरेल की या साचलेल्या गोष्टींच्या बळावर, हे मला कसे कळणार?

त्यातून पुढचे प्रश्न निघतात. ज्यूरीची चर्चा बंद दाराआड होते आणि निकालाची कारणे तिला द्यावी लागत नाहीत. मग निकालांत वंशभेद शिरतो हे कोणी, कशाच्या आधारे दाखवले आहे? आणि कायद्याने भेदभावाला मनाई असताना तो शिरतो तरी कोठून? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा जे न्यायालयात काम करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अटलांटाकर:

एडिसनकर, मी जॉर्जियात फौजदारी वकिली करते. चर्चा होते ती खोली आपल्याला दिसत नाही हे खरे. पण त्या खोलीत कोणाला बसवायचे हे भर न्यायालयात ठरते, आणि त्याची शब्दन् शब्द नोंद होते. वंशभेद सर्वांत जास्त तिथेच शिरतो असे माझे अनुभवान्ती मत आहे, आणि तो दाखवताही तिथेच येतो.

बोलावलेल्या लोकांतून बारा जण निवडताना दोन्ही बाजूंच्या वकिलांना दोन प्रकारचे अधिकार असतात. एखादी व्यक्ती निःपक्षपाती राहू शकत नाही असे दाखवून तिला वगळण्याची विनंती करता येते. आणि त्याखेरीज ठरावीक संख्येपर्यंत कोणतेही कारण न देता नावे खोडता येतात. कृष्णवर्णीयांना कायद्यानेच ज्यूरीतून बाद करणे घटनाबाह्य आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1880 साली वेस्ट व्हर्जिनियाच्या एका खटल्यात सांगून टाकले होते. पण कायद्याचा दरवाजा उघडल्यावर कारण न देता नावे खोडण्याची ही खिडकी शंभर वर्षे उघडीच राहिली. 1986 साली बॅट्सन विरुद्ध केंटकी या निकालाने वर्णावरून नाव खोडण्याला मनाई केली. तेव्हापासून संशय घेतला गेला की सरकारी वकिलाला वर्णाशी संबंध नसलेले एखादे कारण सांगावे लागते. असे कारण सापडणे कठीण नसते. अमुक व्यक्तीने नजरेला नजर दिली नाही, तमुक अस्वस्थ वाटली, कोणाचा भाऊ तुरुंगात होता. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी त्याच निकालाला जोडलेल्या आपल्या स्वतंत्र मतात बजावले होते की हा अधिकार मुळातून काढल्याशिवाय भेदभाव थांबणार नाही. पुढे जे घडले ते पाहता त्यांचेच म्हणणे खरे ठरले असे मला वाटते.

आता कर्टिस फ्लॉवर्स यांचा खटला पाहा. मिसिसिपीतील विनोना या लहानशा गावात 1996 साली फर्निचरच्या दुकानात चार जणांची हत्या झाली. आरोपी कृष्णवर्णीय. त्या एकाच गुन्ह्यासाठी, एकाच सरकारी वकिलाने त्यांच्यावर सहा वेळा खटला चालवला. पहिल्या खटल्यात बाराही ज्यूरर श्वेतवर्णीय होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या खटल्यात अकरा श्वेतवर्णीय आणि एक कृष्णवर्णीय. तिन्ही वेळा दोषी ठरवून मृत्युदंड दिला गेला आणि तिन्ही वेळा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. दोनदा सरकारी वकिलाच्या गैरवर्तनामुळे, आणि तिसऱ्यांदा ज्यूरी निवडताना केलेल्या भेदभावामुळे. चौथ्या खटल्यात सरकारी वकिलाने कारण न देता नावे खोडण्याच्या आपल्या सर्व अकरा संधी कृष्णवर्णीयांवरच वापरल्या, तरीही बारांपैकी पाच जण कृष्णवर्णीय राहिले. त्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. पाचव्या खटल्यात तीन कृष्णवर्णीय होते. तेव्हाही एकमत झाले नाही. 2010 सालच्या सहाव्या खटल्यात पुन्हा अकरा आणि एक अशी ज्यूरी बसली आणि पुन्हा मृत्युदंड झाला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सात विरुद्ध दोन मतांनी ती शिक्षा रद्द केली, तेव्हा निकालपत्रात सगळा हिशेबच मांडला. ज्या खटल्यांची नोंद उपलब्ध होती त्यांत मिळून 42 कृष्णवर्णीय व्यक्तींची नावे खोडणे सरकारी वकिलाला शक्य होते. त्यांपैकी 41 नावे खोडण्याचा त्याने प्रयत्न केला. सहाव्या खटल्यात ज्या पाच कृष्णवर्णीयांना वगळले त्यांना मिळून त्याने 145 प्रश्न विचारले होते, आणि ज्या अकरा श्वेतवर्णीयांना ज्यूरीवर घेतले त्या सर्वांना मिळून 12. जो माणूस नको असेल त्याला इतके खोदून विचारायचे की खोडण्याजोगे काही ना काही हाती लागतेच. फ्लॉवर्स यांच्यावरचे आरोप 2020 साली मागे घेतले गेले, तोपर्यंत त्यांच्या आयुष्यातली वीसहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती.

आमच्या राज्यातले एक उदाहरण थोडक्यात सांगते. टिमथी फॉस्टर यांच्यावर रोम या शहरात 1987 साली खटला चालला आणि पात्र ठरलेल्या चारही कृष्णवर्णीयांची नावे खोडली गेली. सरकारी बाजूने वर्णाशी संबंध नसलेली कारणे दिली, ती मान्यही झाली. जवळजवळ वीस वर्षांनी माहितीच्या कायद्याखाली सरकारी वकिलांची फाइल मिळाली. त्या यादीत कृष्णवर्णीयांची नावे हिरव्या रंगाने रंगवून ठळक केलेली होती, त्या रंगाचा अर्थ कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेला होता, आणि कोणत्याही परिस्थितीत नकोत अशा सहा जणांच्या वेगळ्या यादीत पहिली पाच नावे कृष्णवर्णीयांची होती. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. फाइल हाती आली नसती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून कधीच जात नाही.

तुमच्या न्यू जर्सीतही 2021 साली अँडुहार खटल्याचा निकाल लागला. तिथे सरकारी वकिलाने एका कृष्णवर्णीय उमेदवाराला वगळण्याचा प्रयत्न केला. न्यायाधीशांनी तो मानला नाही. तेव्हा त्या एकाच माणसाची पोलिसी नोंद गुपचूप तपासली गेली, त्यात जुने वॉरंट निघाले, आणि ज्यूरीवर बसायला आलेल्या त्या माणसाला अटक झाली. तुमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची शिक्षा एकमताने रद्द केली आणि त्यानंतर ज्यूरी निवडीचे नियम बदलले गेले. ज्या राज्यात तुम्ही बसणार आहात तिथला हा ताजा इतिहास आहे.

विदिता:

मी संख्याशास्त्राची अभ्यासक आहे. अटलांटाकर यांनी दिलेला फ्लॉवर्स खटल्याचा क्रम अस्वस्थ करणारा आहे, पण केवळ एका खटल्यावरून नियम काढता येत नाही. सहा खटल्यांत साक्षीदार थोडेफार बदलतात, ज्यूररही बदलतात. म्हणून मोठ्या संख्येने झालेल्या खटल्यांकडे पाहावे लागते, आणि तिथे एक मूलभूत अडचण येते: कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय आरोपींवरचे खटले मुळात सारखे नसतात. त्यामुळे नुसती दोषसिद्धीची टक्केवारी शेजारी शेजारी मांडून काहीच सिद्ध होत नाही.

शमेना अन्वर, पॅट्रिक बायर आणि रँडी जाल्मर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 2012 साली यातून फार चांगली वाट काढली. फ्लॉरिडातील सॅरासोटा आणि लेक या दोन काउंट्यांत 2000 ते 2010 या काळात चाललेले गंभीर गुन्ह्यांचे खटले त्यांनी घेतले. त्या दिवशी न्यायालयाने निवडीसाठी बोलावलेल्या गटात कृष्णवर्णीय व्यक्ती असणे किंवा नसणे हा निव्वळ योगायोगाचा भाग असतो. खटल्याच्या स्वरूपाशी त्याचा संबंध नसतो. ज्या दिवशी गटात एकही कृष्णवर्णीय नव्हता, तेव्हा कृष्णवर्णीय आरोपी 81 टक्के आणि श्वेतवर्णीय आरोपी 66 टक्के खटल्यांत दोषी ठरले. गटात किमान एक कृष्णवर्णीय असला की तेच प्रमाण अनुक्रमे 71 आणि 73 टक्के झाले, म्हणजे तफावत जवळजवळ नाहीशी झाली. आणि ध्यानात घ्या, ती व्यक्ती प्रत्यक्ष ज्यूरीवर बसलीच पाहिजे असेही नव्हते. ती बोलावलेल्या गटात होती इतकेच पुरेसे होते, कारण तिच्या असण्याने दोन्ही बाजू कोणाला वगळतात हेच बदलते.

खोलीच्या आत काय होते याविषयी सॅम्युएल सॉमर्स यांचा 2006 सालचा प्रयोग वाचण्यासारखा आहे. त्यांनी ज्यूरीसाठी आलेल्या खऱ्या लोकांच्या सहा-सहा जणांच्या नकली ज्यूरी बनवल्या. काहींत सगळे श्वेतवर्णीय, काहींत चार श्वेतवर्णीय आणि दोन कृष्णवर्णीय. सगळ्यांना कृष्णवर्णीय आरोपीच्या एकाच खटल्याचे चित्रीकरण दाखवले. मिश्र गटांनी जास्त वेळ चर्चा केली, पुराव्यातील जास्त मुद्दे मांडले आणि तथ्यांच्या चुका कमी केल्या. पण माझ्या मते यातला सर्वांत मोलाचा भाग असा की हा फरक एकट्या कृष्णवर्णीय सदस्यांच्या बोलण्यामुळे पडला नव्हता. मिश्र गटातले श्वेतवर्णीय सदस्य स्वतःच अधिक नेमके बोलत होते, आणि चर्चा सुरू होण्याआधी घेतलेल्या खासगी मतदानातही आरोपीला दोषी ठरवण्याकडे त्यांचा कल सर्व-श्वेतवर्णीय गटांतल्या सदस्यांपेक्षा कमी होता.

एडिसनकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. आपल्या मनात काय साचले आहे हे आत डोकावून कोणालाच पुरते कळत नाही. परंतु पुराव्यातली एखादी गोष्ट आपण स्मरणाने नीट सांगू शकतो की अंदाजाने भरून काढतो आहोत, हे तपासता येते. निरीक्षणातून जे दिसते ते असे की पूर्वग्रह बहुतेक वेळा उघड तिरस्काराच्या रूपात येत नाही. तो पुराव्यातल्या रिकाम्या जागा भरताना येतो.

गिरगावकर:

ही चर्चा अमेरिकेपुरती ठेवण्याचे कारण नाही. वंशावरून दुभंगलेली ज्यूरी आपल्या मुंबईने दोनदा पाहिली आहे आणि दोन्ही वेळा आरोपीच्या पिंजऱ्यात लोकमान्य टिळक होते.

1897 सालच्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यासमोर नऊ जणांची ज्यूरी होती: सहा युरोपीय आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. सहा युरोपीय सदस्यांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. उच्च न्यायालयातील ज्यूरीचा बहुमताचा निकाल स्वीकारायला तेव्हाच्या फौजदारी संहितेनुसार किमान सहा जणांचे एकमत आणि न्यायाधीशांची संमती लागत असे. म्हणजे युरोपीय सदस्यांची संख्या बरोबर तेवढीच होती, जेवढी दोषी ठरवायला पुरेशी होती. टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली.

1908 साली 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तील लेखांवरून पुन्हा खटला झाला. सरकारने विशेष ज्यूरी मागितली. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी तिला विरोध केला, कारण विशेष ज्यूरीच्या यादीत युरोपीयांचा भरणा होता आणि ज्या लेखांवर सगळा खटला उभा होता ते मराठीत होते. न्यायमूर्ती दावर यांनी विशेष ज्यूरी मान्य केली. सात युरोपीय आणि दोन पारशी असे नऊ जण बसले. टिळकांनी स्वतःच्या बचावाचे भाषण अनेक दिवस केले. 22 जुलैच्या रात्री निकाल आला तो सात विरुद्ध दोन असा, आणि त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले. ज्यूरीने दोषी ठरवले तरी मी निर्दोष आहे, हे त्यांनी त्या वेळी काढलेले उद्गार आज मुंबई उच्च न्यायालयात कोरलेले आहेत.

मी त्यातल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. युरोपीय सदस्य पुण्या-मुंबईच्या राजकारणाकडे भयाने पाहत होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुझफ्फरपूरला बाँब पडला होता आणि त्यात दोन इंग्रज स्त्रिया मरण पावल्या होत्या. ते सात जण मुद्दाम अन्याय करायला बसले होते असे समजण्याची गरज नाही. ज्या समाजाला आरोपीची भीती वाटते, त्याच समाजाचे सात जण नऊ जणांत बसवले, तर त्यांना तोच पुरावा पुरेसा वाटतो. राज्यकर्त्यांना स्वतःच्या बाबतीत हे नेमके कळत होते. हिंदी न्यायाधीशांना युरोपीय आरोपींचे खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट विधेयकावरून गदारोळ झाल्यावर 1884 साली जी तडजोड झाली, तिच्यानुसार युरोपीय ब्रिटिश आरोपीला निम्म्याहून कमी नाहीत इतके युरोपीय किंवा अमेरिकन सदस्य असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क मिळाला. आपल्या माणसाचा न्याय परक्यांच्या हाती सोपवू नये, हा विचार त्यांनी कायद्यात लिहून घेतला होता.

मध्यममार्गी:

वरील सर्व मुद्दे मान्य करूनही मला थोडा सावधपणा सुचवावासा वाटतो. गिरगावकरांच्याच उदाहरणात न्यायमूर्ती दावर हिंदी होते, 1897 साली त्यांनीच वकील या नात्याने टिळकांना जामीन मिळवून दिला होता, आणि तरीही शिक्षा त्यांनीच सुनावली. ज्यूरी काढून सर्व काही न्यायाधीशांवर सोपवले की प्रश्न सुटतो असे या खटल्यावरून तरी म्हणता येत नाही. भारतात ज्यूरी पद्धत टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि 1973 च्या फौजदारी संहितेत ती उरली नाही. पण न्यायदानातले जात आणि धर्म यांचे प्रश्न तिच्याबरोबर गेले नाहीत.

दुसरे म्हणजे सगळीकडचे चित्र एकसारखे नाही. इंग्लंडमध्ये शेरिल थॉमस यांनी 2010 साली 68 हजारांहून अधिक ज्यूरी निकालांचा अभ्यास केला आणि आरोपीच्या वर्णावरून ज्यूरी भेदभाव करत असल्याचे त्यांना आढळले नाही; सर्व-श्वेतवर्णीय ज्यूरींच्या बाबतीतही नाही. 2021 साली जॉर्जियात अहमद आर्बरी या कृष्णवर्णीय तरुणाच्या हत्येच्या खटल्यात बारांपैकी एकच कृष्णवर्णीय ज्यूरर होता. बचावपक्षाने कृष्णवर्णीयांना हेतुपूर्वक वगळल्यासारखे दिसते असे स्वतः न्यायाधीशांनी नोंदवले होते, तरीही त्या ज्यूरीने तिन्ही श्वेतवर्णीय आरोपींना हत्येबद्दल दोषी ठरवले.

विदिता:

मध्यममार्गी, इंग्लंडचा मुद्दा तुम्ही आणलात हे चांगले झाले, कारण तिथे कारण न देता नावे खोडण्याचा बचावपक्षाचा अधिकार 1988 च्या कायद्याने रद्द झाला आहे आणि ज्यूरी बहुतांशी चिठ्ठीने येईल तशी बसते. दोन देशांत इतर अनेक फरक असल्यामुळे सगळे श्रेय त्या एका बदलाला देता येणार नाही. परंतु अॅरिझोनाने 2022 पासून हा अधिकार दोन्ही पक्षांसाठी बंद केला आहे, आणि कॅनडाने 2019 साली तेच केले. त्याच्या आदल्या वर्षी सस्कॅचवनमध्ये कोल्टन बुशी या आदिवासी तरुणाच्या मृत्यूच्या खटल्यात आदिवासी दिसणाऱ्या सर्व उमेदवारांना वगळले गेल्यामुळे मोठा क्षोभ झाला होता. माझ्या मते बदलाची दिशा हीच योग्य आहे.

एडिसनकर:

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. 1897 च्या ज्यूरीचे आकडे मला माहीत नव्हते. शाळेत आपण टिळकांचे उद्गार शिकलो, पण ते नऊ जण कोण होते हे कोणी शिकवले नाही. अटलांटाकर, आपल्याला एक शेवटचा प्रश्न विचारतो. समजा माझी निवड झाली आणि चर्चेच्या खोलीत कोणी आरोपीच्या किंवा साक्षीदाराच्या वर्णावरून काही बोलले, तर मी काय करावे? बाकीचे अकरा जण इथेच जन्मलेले असतील आणि माझे उच्चार ऐकूनच काहींचे लक्ष उडेल, अशी धास्तीही मनात आहे.

अटलांटाकर:

हा प्रश्न काल्पनिक नाही. कोलोरॅडोतील पेन्या-रॉड्रिगेझ खटल्यात निकाल लागून गेल्यावर दोन ज्यूररांनी बचावाच्या वकिलाला सांगितले की त्यांच्यातला एक माजी पोलीस अधिकारी चर्चेत म्हणत होता, आरोपी मेक्सिकन आहे आणि मेक्सिकन पुरुष असेच वागतात, म्हणून त्यानेच हे केले. आरोपीच्या बाजूच्या साक्षीदारावर विश्वास ठेवू नये, कारण तो बेकायदा आलेला आहे, असेही तो म्हणाला होता. प्रत्यक्षात साक्षीदाराने आपण कायदेशीर रहिवासी असल्याचे साक्षीत सांगितले होते. ज्यूरीच्या चर्चेतल्या गोष्टींवरून निकाल उलटवता येत नाही असा जुना नियम असल्यामुळे खालच्या न्यायालयांनी हात वर केले. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली पाच विरुद्ध तीन मतांनी या नियमाला वंशभेदापुरता अपवाद केला. पण त्या अपवादाची अट कडक आहे: एखाद्या ज्यूररच्या स्पष्ट विधानातून असे दिसावे लागते की दोषी ठरवताना तो वंशाविषयीच्या पूर्वग्रहावर विसंबला. आडून केलेली टिप्पणी त्यात बसत नाही. म्हणून निकाल लागून गेल्यावर बोलणे हा फार दुबळा उपाय आहे.

निकालाआधी बोलणे मात्र तुमच्या हातात आहे. पहिली पायरी निवडीच्या वेळची. पूर्वग्रहाविषयी विचारले तर इथे लिहिलेत तितक्याच मोकळेपणाने न्यायाधीशांना सांगा. आपल्या मनाची शंका येते एवढ्यावरून वगळले जातेच असे नाही; फक्त पुराव्यावर निर्णय देऊ शकाल का असे ते विचारू शकतात. दुसरी पायरी खोलीतली. कोणी वर्णावरून बोलले की त्याच क्षणी, शांतपणे, हे विधान कोणत्या साक्षीवर आधारलेले आहे असे विचारा. भांडण नको, पुरावा मागा. विदिताताईंनी सांगितलेल्या प्रयोगात चर्चेचा दर्जा सुधारला तो अशाच नेमकेपणामुळे.

उच्चारांची धास्ती बाळगू नका. लुईझियानाने 1898 च्या घटनेत एकमताची अट मुद्दाम काढून टाकली होती, म्हणजे ज्यूरीत एक-दोन कृष्णवर्णीय आलेच तरी त्यांच्या मताला किंमत उरू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली रामोस खटल्यात ती पद्धत मोडून काढली, आणि आज अमेरिकेत कोणत्याही राज्यात गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला सर्व ज्यूररांचे एकमत लागते. तुमचे मत बाकीच्यांना पटेपर्यंत किंवा त्यांचे तुम्हाला पटेपर्यंत तो निकाल होऊच शकत नाही.

आणि विचारूनही तो माणूस थांबला नाही, तर थांबून राहू नका. तुम्हाला खोलीत कागद आणि पेन दिलेले असेल. जे शब्द ऐकले ते जसेच्या तसे लिहा, कोण कोणत्या बाजूने मत देत आहे ते मात्र अजिबात लिहू नका, सही करा आणि दारावरच्या न्यायालयीन कर्मचाऱ्याकडे देऊन ती चिठ्ठी न्यायाधीशांपर्यंत पोहोचवा. चिठ्ठी मिळाल्यावर न्यायाधीशांना दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर तिची दखल घ्यावी लागते. ते ज्यूररांना एकेकटे बोलावून विचारू शकतात, आणि गरज पडल्यास त्या सदस्याला काढून पर्यायी ज्यूरर बसवू शकतात. निकाल वाचून दाखवला गेला की यातले काहीही शक्य राहत नाही.